इंजिनाने धरलेली हवा

केशरशेठची गाडी माझ्या कांद्याच्या चाळीत आली, तेव्हा तिच्यात सगळ्यात आधी आमची तुरेवाली कोंबडी बसली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे साऱ्या मंगरूळपिरात असं पसरलं की पुंजाजीने मालकाच्या आधी गाडीत नंबर लावला. माझा नंबर दुसरा होता.

गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी येईल, तशी ती नव्हती. लाल, बुटकी, डोक्यावर छप्पर नाही आणि बसायच्या जागा फक्त दोन. इंजिन सीटच्या मागे. वजन माझ्या दीड म्हशीएवढं, म्हणजे चार माणसांनी मनावर घेतलं तर उचलून बांधापलीकडे ठेवावी. केशरीचंद शेठचा नातू पियूष, त्याने ती पुण्यात कुणाकडून तरी हौसेने जुनी घेतली. मग त्याला परदेशात नोकरी लागली आणि जाताना त्याने गाडी आजोबांकडे पाठवून दिली. शेठचं घर आणि दुकान बाजाराच्या गल्लीत. तिथे मोकाट गायी गाडीला अंग घासू लागल्या. माझा भाजीचा मळा गावाला लागून, रस्त्याच्या कडेला, आणि चाळ अर्धी रिकामी. बियाणं घ्यायला मी शेठच्या दुकानात जातो ते त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. तेव्हा गाडी कांद्याशेजारी आली.

त्या गाडीत बसता येत नाही, निजावंच लागतं. पाय लांब जातात, पाठ मागे कलते आणि समोर रस्त्याऐवजी आभाळ दिसतं. दुपारी वांग्याला पाणी सोडलं की मी कोंबडीने अंडं घातलं का पाहायला म्हणून चाळीत जायचो आणि तिला उठवून आपण बसायचो. चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या अंगावर पडत. बाहेर लिंबाची फांदी हलली की पट्ट्या सरकत, आणि वाटायचं, गाडी चालली. कारंजा मागे पडलं, अमरावती मागे पडली, मी कधी न पाहिलेला समुद्र उजव्या हाताला लागला. समुद्राला कांद्याचा वास येत असे. पण समुद्राकाठी कांदे पिकत नसतील असं कोण म्हणेल? तेवढ्यात माझी बायको प्रयागबाई हाक मारी, "अवो, वांगे बुडून राह्यले नं!" आणि समुद्र आटून जाई.

एक दिवस शेठ चाळीत आले आणि रिकाम्या पोत्यावर बसून म्हणाले, "पुंजा, मले गुलाबले मेडशीले न्यायचं हाय."

गुलाबबाई म्हणजे शेठाणी. मेडशी त्यांचं माहेर.

"मंग न्या ना," मी म्हणालो. "तुमच्या अर्पितची मोठी गाडी हाय घरी. थंडी हवा मारते."

"त्या गाडीत सात जण बसतात."

"बरंच हाय की."

"तेच तं दुखणं हाय. सात बसतात म्हणून सात येतात. पोराची बायको येते, नाती येतात, शेजारीण येते. गुलाब मागं बसते पिशव्या धरून." शेठनी गाडीवरून हात फिरवला. "या गाडीत तिसरं माणूस बसूच शकत नाही."

मग मला कळलं. लग्न करून शेठनी गुलाबबाईंना मेडशीहून आणलं ते एस.टी.त, गर्दीत उभ्याने. दांडीला धरून उभ्या नवरीला त्यांनी कानात सांगितलं होतं, की एक दिवस याच रस्त्यावरून तुला बसवून नेईन, आपण दोघंच. पुढे दुकान वाढलं, पोरं झाली, गाड्या आल्या, पण दोघंच असं काही झालं नाही. आता आषाढ चौदसला चातुर्मास लागणार आणि शेठनी यंदा नेम घेतला होता, की चार महिने वाहनाने कुठे जायचं नाही. तिकडून पियूषचा फोन आला होता, गाडी विकून टाका. शेठचा मुलगा अर्पित याने अकोल्याचं गिऱ्हाईकही पाहिलं होतं, ते चौदसीनंतर येणार होतं. म्हणजे मेडशी व्हायची तर चौदसीच्या आत.

अक्षय तृतीयेला गुलाबबाईंनी गाडीची पूजा केली. कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, गाडीभोवती फिरल्या, एकेका भोकात डोकावल्या. घर पाहायला आलेल्या बाया असंच करतात म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. इथे जरा थांबून सांगतो, की आयुष्यात मी ज्या ज्या वेळी लक्ष दिलं नाही, ती वेळ फार महागात पडली आहे.

दुसऱ्या दिवशी शेठनी गाडी सुरू केली. मांजर चुलीजवळ घुरघुरावं तसं इंजिन घुरघुरू लागलं. फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, नाल्याच्या पुलापर्यंत गेली. तिथे शेठनी पाय जरा दाबला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, मागून काळा धूर सोडला आणि गप्प झाली. आम्ही ढकलत परत आणली. चाळीत आल्यावर पुन्हा सुरू केली, तर पुन्हा मांजर.

"पुण्याहून इथवर तं पळत आली," शेठ म्हणाले. "आता काय झालं?"

आता इंजिनाच्या बाबतीत या शिवारात माझा शब्द चालतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. विहिरीवरचं डिझेल इंजिन मी पोरगा होतो तेव्हापासून चालवलं आहे. टाकीतलं तेल संपलं की नळीत हवा शिरते आणि इंजिन खोकून बंद पडतं. मग नट ढिला करायचा, फेस जाऊ द्यायचा, की चालू. साऱ्या गावाची इंजिनं मी अशी फेस काढून चालू केली आहेत. मी गाडीच्या मागे कान लावला, डोळे मिटले आणि निदान सांगितलं.

"हवा धरली."

"पक्कं?"

"शेठजी, हिच्या पोटात हवा घुसली हाय. हवा काढा, विमान होते का नाही पाहा."

एवढं बोलून मी एक नट ढिला केला. त्यातून पेट्रोल माझ्या धोतरावर आलं, हवा आली नाही. धोतराला आठ दिवस वास होता आणि प्रयागबाई मला चुलीजवळ येऊ देत नव्हती.

मग लोक यायला लागले. मळा रस्त्यावर असल्याचा हा तोटा. तांड्यावरचा सेवादास ट्रॅक्टर थांबवून आत आला. तो माझ्याच वयाचा, आणि त्याला ट्रॅक्टरखेरीज सगळी वाहनं पोरखेळ वाटतात. त्याने गाडीला चक्कर मारली आणि म्हणाला, "पुंजाजी, हे इंजिन उलटं बसवलं हाय. पुढचं मागं गेलं, मंग धूर कुठी जाईन बापा?" दुसरा म्हणाला नजर लागली. लिंबू-मिरची बांधली. ती कोंबडीने खाल्ली आणि दोन दिवस ओरडत फिरली.

पण खरा घाव घातला तो बाजारातल्या लोकांनी. कुणीतरी म्हणालं, "जैनाची गाडी कांद्यात ठेवली, चालंन कशी?" पहिल्यांदा सगळे हसले. मग हसणं थांबलं आणि लोक विचारात पडले. शेठ स्वतः कांदा-लसूण खात नाहीत. ते मला हळूच म्हणाले, "मी मानत नाही पुंजा. पण पाहायले काय जाते?" झालं. गाडी चाळीतून काढून गोठ्यात नेली. गाडीने कांदा सोडला असं गावभर झालं. गोठ्यात म्हशीने रात्रीतून चामड्याची सीट चाटून पांढरी केली, आणि सकाळी गाडी पुलापर्यंत जाऊन काळा धूर सोडून बंद पडली. पुन्हा कांद्यात आणली.

"आपला फवाऱ्याचा पंप कवाचा बंद पडून हाय," प्रयागबाई म्हणाली, "अन् तुमी लोकायच्या गाडीची नाडी पाहून राह्यले."

शेवटी धनराजला बोलावलं. धनराजचं बसस्टँडमागे गॅरेज आहे. मोटारसायकली आणि ऑटो दुरुस्त करतो, हात चांगला आहे. त्याने प्लग काढले. प्लग काजळी धरलेल्या कंदिलासारखे काळे.

"पेट्रोल जास्त जाळून राह्यली," तो म्हणाला.

"हवा धरली," मी म्हणालो.

"काका, हवा धरली तं प्लग काळा होत नाही."

"तुह्या इंजिनाचा होत नसंन."

त्याने प्लग बदलले. गाडी पुलापर्यंत गेली. कॉइल बदलली. पुलापर्यंत गेली. कार्बुरेटर खोलून त्याची बारीक बारीक पितळी भोकं तारेने साफ केली, प्रयागबाईच्या परातीत सगळे भाग मांडले आणि पुन्हा बसवले. परातीत एक भाग उरला. तो परातीचाच कडीचा तुकडा निघाला, पण ते कळेपर्यंत कार्बुरेटर पुन्हा एकदा खोलून झाला होता. मग त्याने हवेच्या डब्याचं झाकण उघडलं. आतली जाळी नवीन नवरीसारखी स्वच्छ.

"अशी साफ जाळी म्यां जिंदगीत नाही पाह्यली," धनराज म्हणाला. त्याने आम्हा सगळ्यांना एकेक करून ती दाखवली. आम्ही माना डोलावल्या आणि झाकण लावून टाकलं.

गुलाबबाई दर पंधरा दिवसांनी भाजी घ्यायला मळ्यात चालत येत. येताना मला विचारत, "पुंजाजी भाऊ, पेट्रोल गाळून टाकता ना?"

"गाळून, भाभी. प्रयागच्या जुन्या लुगड्यातून."

"दुहेरी करून?"

"दुहेरी करून."

"मंग काय झालं असंन बाई तिले," म्हणत त्या गाडीशी जात, थोडा वेळ थांबत, मग भाजी घेत. कधी माझ्या तारेच्या कुंपणावर एक पांढरा धुतलेला फडका वाळताना दिसे. मी समजलो, रुमाल असेल.

ज्येष्ठ संपत आला. अर्पित म्हणाला, "बाबूजी, जायचंच असंन तं धुराचं सर्टिफिकेट तरी काढा, जुनं संपलं." म्हणून गाडी हळूहळू, माणसाच्या चालीने, पेट्रोल पंपाजवळच्या धूर तपासणाऱ्याकडे नेली. अशा चालीने ती कुठेही जायची, हे आम्हाला दिसत होतं, पण कळत नव्हतं. तपासणाऱ्याने नळी मागे लावली आणि म्हणाला, "रेस करा." शेठनी पाय दाबला. नळीच काय, तो माणूसही दिसेनासा झाला. धुरातून आवाज आला, "काका, गाडी हाय का वीटभट्टी?"

मशीनमधून कागद निघाला. तो मी हातात घेतला. अक्षरं मी पन्नाशीनंतर साक्षरतेच्या वर्गात शिकलो, त्यामुळे छापलेलं काही हाती आलं की मोठ्याने वाचल्याशिवाय मला राहवत नाही. पंपावर चांगली दहाबारा माणसं उभी होती. मी वाचलं, "अ-नु-त्ती-र्ण." आमच्या वर्गात हा शब्द कुणी दाखवलाच नव्हता. तिथे सगळे पास व्हायचे.

"सर्टिफिकेटाबिगर गाडी रोडवर आणायची नाही," तो म्हणाला.

"रोडवर आणल्याबिगर सुधरली का नाही ते कसं कळंन?" मी विचारलं.

"घरी चालवून पाहा."

म्हणून आम्ही ती मळ्यात चालवून पाहिली. मेथीच्या दोन वाफ्यांवरून ती फार सुंदर गेली. त्यानंतर प्रयागबाईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

चौदस दुसऱ्या दिवसावर आली. सकाळी आभाळ उघडलं होतं. शेठ आणि गुलाबबाई मळ्यात आले. गुलाबबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती, हातात खाकऱ्याचा डबा होता. धनराज होता, सेवादास होता. धनराजने एकदा शेवटचा प्लग पुसला आणि मान हलवली.

शेठ गाडीला एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, "राहू दे धनराज. पुंजा, सेवादास, असं करा. आमी दोघं बसतो. तुमी पुलापर्यंत ढकलत न्या अन् परत आणा. तेच मेडशी समजू."

चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या त्यांच्या पांढऱ्या टोपीवरून सरकत होत्या. मला वाटलं, त्यांनाही कधीपासून माझ्यासारखा तो समुद्र दिसत असावा, फक्त त्यांच्या समुद्राचं नाव मेडशी. मी आणि सेवादासने धोतरं खोचली. शेठ बसले. गुलाबबाई बसायला वाकल्या आणि एकदम थांबल्या.

"थांबा. गाळणं बदलायचं राह्यलं."

"कायचं गाळणं, भाभी?" मी विचारलं.

"गाडीचं."

दाराच्या मागे, गाडीच्या अंगाला, एक अरुंद भोक आहे. धनराजचा पंजा त्यात शिरत नाही, माझा तर नाहीच. गुलाबबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आत जी काळी नळी आहे, जिच्यातून इंजिन श्वास घेतं, तिच्या तोंडावरचा दोरा त्यांनी सोडला आणि जाड, दुहेरी केलेला पांढरा फडका बाहेर काढला. त्यावर चिलटं होती, पतंग होते, दोन लाल किडे अजून चालत होते.

धनराज खाली बसला. बसला म्हणजे मातीतच बसला.

"गुलाब," शेठ म्हणाले, "हे कवापासून?"

"आखातीजच्या पूजेपासून. एवढी मोठी नळी, आत वारं ओढते. किती जीव जात असतीन!"

"अगं, मंग सांगतलं काहून नाही?"

गुलाबबाईंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "पाणी गाळते, तं रोज सांगते का मी तुमाले?"

त्यांनी फडका नेऊन वांग्याच्या झाडांवर हलक्या हाताने झटकला, एकेक जीव खाली उतरेपर्यंत.

"झटका बाई, झटका," प्रयागबाई म्हणाली. "किडीले घरपोच सोय झाली."

धनराजने किल्ली फिरवली, पाय दाबला. गाडीने असा आवाज काढला की म्हैस दावं तोडून उभी राहिली. धुराचा पत्ता नाही.

मी धोतराचा सोगा नीट केला आणि म्हणालो, "म्यां पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, हवेचं हाय."

"काका, तुमी म्हणत होते हवा घुसली."

"घुसली काय अन् नाही घुसली काय. हवेचंच ना?"

पण गुलाबबाई गाडीत बसेनात. गाळणं काढलेल्या गाडीत त्या पाय ठेवायच्या नाहीत, आणि गाळणं लावलेली गाडी पुलापलीकडे जायची नाही. माणसाच्या चालीने गेलं तर मेडशीहून दिवस बुडायच्या आत परत येणं नाही, आणि दिवस बुडाल्यावर दोघं जेवत नाहीत. शेठ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "तिच्याबिगर मी जात नाही," एवढंच म्हणाले.

मी गाडीवरून नजर काढून बाहेर पाहिलं. समोर माझी मिरचीची रोपं होती. त्यांच्यावर बारीक पांढरी जाळी ताणलेली, मावा आणि पांढरी माशी आत जाऊ नये म्हणून. त्या जाळीतून मुंगीचं पिल्लू जात नाही, पण वारा खुशाल जातो. मी विळा घेतला आणि कोपऱ्यातून वीतभर तुकडा कापला.

"अवो, नवीन जाळी!" प्रयागबाई ओरडली.

गुलाबबाईंनी जाळी उन्हाकडे धरून पाहिली. फुंकर मारली. बोट लावून पाहिलं. मग हात आत घालून स्वतः बांधली आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या.

गाडी फाटकातून गेली, पुलावर गेली आणि पुलावर थांबली नाही. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन उभे होतो. मोरपंखी पदर एकदा वर उडाला, मग वळणावर नुसता लाल ठिपका राहिला, मग तोही नाही. सर्टिफिकेट काढायचं राहून गेलं होतं, हे दुपारी जेवताना कुणाच्यातरी लक्षात आलं.

दिवस बुडायला थोडा अवकाश होता तेव्हा ती परत आली. शेठचे केस उभे, टोपी हातात, चेहरा बारा वर्षांच्या पोरासारखा. गुलाबबाई शांतपणे उतरल्या.

"कसं वाटलं, भाभी?" मी विचारलं.

"बरं होतं." त्यांनी पदर नीट केला. "पण एस.टी.त उभे होतो ना पुंजाजी भाऊ, तवा ह्यायचं तोंड माह्याकडं होतं. आज सारा रस्ता हे रोडाकडंच पाहत राह्यले."

शेठनी टोपी डोक्यावर घातली.

चौदस झाली. दुसऱ्या दिवशी अकोल्याचं गिऱ्हाईक आलं, काळा चष्मा लावून, सोबत अर्पित. गाडी सुरू केली. मांजर घुरघुरलं. गिऱ्हाईक खूश होऊन रस्त्याला लागलं. पुलावर गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि गप्प झाली. तो ढकलत परत आला तेव्हा चष्म्यामागे घाम होता.

"काय झालं हिला?" त्याने विचारलं.

अर्पितने माझ्याकडे पाहिलं. धनराज तिथेच होता, तो आभाळाकडे पाहू लागला.

"हवेचं हाय," मी म्हणालो. "अक्षय तृतीयेपासून सांगून राह्यलो."

गिऱ्हाईक गेलं. अर्पित हात झटकून त्याच्यामागे गेला. गुलाबबाई सकाळीच चालत भाजीला आल्या होत्या आणि टोपलीतली वांगी निवडत बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत काळा होता.

"भाभी," मी हळूच विचारलं, "जाळी होती ना?"

"होती," त्या एक वांगं फिरवून पाहत म्हणाल्या. "पण चातुर्मास लागला, पुंजाजी भाऊ. या दिवसात जीव जास्त असतात. आता दुहेरी फडकाच पायजे."

तेव्हापासून गाडी चाळीतच आहे. शेठचा नेम वाहनातून न जाण्याचा. गाडी तर जातच नाही. तेव्हा दुपारी दोघं चालत मळ्यात येतात आणि तिच्यात बसतात. शेठ तिरपे बसतात, रस्त्याकडे पाठ करून. उन्हाच्या पट्ट्या सरकतात, आणि कुठलं गाव लागलं ते गुलाबबाई सांगत जातात.

माझा नंबर आता तिसरा. कोंबडीचा चौथा.